भाव मोबाइलवर, सौदा ट्रॉलीवर

नोव्हेंबर २०१० मध्ये बराक ओबामा मुंबईत आले होते. सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांच्यासाठी शेतीतल्या नव्या प्रयोगांचं छोटं प्रदर्शन मांडलं होतं. तिथे उभ्या असलेल्या मोजक्या शेतकऱ्यांत नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातल्या नैताळ्याचे संजय साठे होते. एका दूरसंचार कंपनीची शेतीसल्ल्याची सेवा ते बरेच दिवस वापरत होते. फोन लावायचा, हवामान बदलणार का ते विचारून घ्यायचं. त्यामुळे उत्पादन वाढलं, आकाशवाणीने अनुभव सांगायला बोलावलं, आणि तिथून थेट अमेरिकेच्या अध्यक्षांपुढे. दुभाष्यामार्फत दोनेक मिनिटं बोलणं झालं. मोबाइल खेड्यात पोचला की शेतकऱ्याचं भलं होतं, असं त्या काळात प्रत्येक परिषदेत सांगितलं जाई. साठे म्हणजे त्याचा चालताबोलता पुरावा.

आठ वर्षांनी याच साठ्यांचं नाव देशभरातल्या वर्तमानपत्रांत पुन्हा आलं. नोव्हेंबर २०१८. निफाडच्या बाजारात त्यांनी साडेसात क्विंटलच्या आसपास कांदा नेला. व्यापाऱ्याने किलोला १ रुपया लावला, घासाघीस करून १ रुपया ४० पैशांवर सौदा ठरला. हातात आले १,०६४ रुपये. ते त्यांनी निफाडच्या पोस्टातून पंतप्रधानांच्या नावे मनिऑर्डरने पाठवून दिले. मनिऑर्डरला वर ५४ रुपये लागले. पोस्टाचा हिशेब साधा होता, दर २० रुपयांना १ रुपया. म्हणजे निषेधालाही पाच टक्के कमिशन पडलं.

खरा किस्सा पुढे आहे. काही दिवसांनी मनिऑर्डर परत आली. साठ्यांनीच वार्ताहरांना सांगितलं की, पैसे पाठवायचे तर ऑनलाइन पाठवा, असा निरोप मिळाला. फोनवरून हवामान विचारणारा, ज्याला डिजिटल शेतीचा नमुना म्हणून परदेशी पाहुण्यांपुढे उभं केलं होतं, त्याच माणसाला डिजिटल व्हायचा सल्ला! नाशिकच्या बातमीदारांत त्या दिवशी चहाच्या दोन फेऱ्या जास्त झाल्या असतील.

हसण्यावारी न्यावं असं मात्र यात काही नाही. त्या माणसाला भाव माहीत नव्हता असं नाही. फोन होता, हवामान कळत होतं, बाजारही कळत होता. मग १,०६४ रुपयेच का? या 'का'च्या मागे नाशिक जिल्ह्यातला तीस-चाळीस वर्षांचा टेलिफोनचा सगळा इतिहास आहे, आणि तो कंपन्यांच्या जाहिरातींत सापडत नाही.

फोन आधी व्यापाऱ्याकडे आला, तिथून सुरुवात करावी लागते. निफाड तालुक्यातल्याच लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. गाव मुंबई–भुसावळ रेल्वेमार्गावर, त्यामुळे कांदा वाघिणींत भरून थेट कलकत्त्याकडे किंवा दिल्लीकडे जायचा. तिथला भाव इथे कळायचा तो तारेने किंवा ट्रंक कॉलने. ट्रंक कॉलचे तीन वर्ग असत: साधा, अर्जंट आणि लाइटनिंग. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला आठपट. साधा कॉल लावला तर दुपार जायची, कधी संध्याकाळही. लाइटनिंग काही मिनिटांत लागे. आता हिशेब करा. दिल्लीत भाव चढलाय हे लिलावाच्या आधी कळलं, तर एका वाघिणीवर सुटणाऱ्या पैशांपुढे आठपट आकार म्हणजे चिल्लर. पण बैलगाडीभर कांदा आणणाऱ्या शेतकऱ्याला तोच आकार परवडणं शक्य नव्हतं. माहितीचा खर्च दोघांना सारखाच, पण तो वसूल करायला एकाकडे वाघीण होती आणि दुसऱ्याकडे बैलगाडी. बाजारात व्यापारी 'हुशार' आणि शेतकरी 'भोळा' असं जे बोललं जाई, त्यातला बराच भाग टेलिफोनच्या दरपत्रकाचा होता.

ऐंशीच्या दशकात सॅम पित्रोदांच्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने खेड्यांसाठी १२८ लाइनचं छोटं एक्स्चेंज काढलं. वातानुकूलनाची गरज नाही, धुळीत चालेल, उन्हात चालेल असं. त्याच्या पाठोपाठ पिवळ्या पाटीची एसटीडी बूथं आली. रात्री ठरावीक वेळेनंतर दर निम्मे, मग पाव, म्हणून बूथवर रात्री गर्दी. व्यापाऱ्याची मक्तेदारी तिथे पहिल्यांदा हलली, पण पडली नाही. कारण शेतकऱ्याने बूथवरून फोन करायचा कुणाला? दिल्लीच्या आझादपूर मंडीत त्याच्या ओळखीचं कोण बसलंय? फोन स्वस्त झाला तरी पलीकडे उचलणारा आपला माणूस लागतो, आणि त्याची किंमत कुठल्याच दरपत्रकात नसते.

मोबाइल आला तेव्हा सरकारने देशाचे परिमंडळांत तुकडे केले. मुंबई वेगळी, बाकीचा महाराष्ट्र आणि गोवा वेगळा. आपल्या वाट्याला पहिल्यांदा बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी या दोन कंपन्या आल्या. परवान्यासाठी त्यांनी भरमसाट ठरावीक शुल्क कबूल केलेलं. ते वसूल करायचं तर मिनिटाला १६ रुपयांच्या आसपास दर, आणि आलेल्या फोनलाही पैसे. त्या भावात फोन म्हणजे खिशात ठेवायचा दागिनाच. गाडी १९९९ च्या नव्या धोरणाने रुळावर आली. ठरावीक शुल्काऐवजी कंपनीच्या उत्पन्नात सरकारचा वाटा. वरून हा हिशेबनिसाचा बदल दिसतो. पण ग्राहक वाढवण्यात कंपनीचा फायदा आहे, हे तेव्हापासून खरं झालं. मग मे २००३ पासून आलेला फोन फुकट. आणि त्या दिवसापासून मिस्ड कॉल हा आपला राष्ट्रीय उद्योग झाला. एक रिंग म्हणजे गाडी निघाली, दोन म्हणजे पोचली. कंपन्यांच्या मनोऱ्यांवरून कोट्यवधी निरोप फुकट जात होते आणि त्यांना त्यावर काहीच करता येत नव्हतं.

२००७ मध्ये रॉयटर्स या बातमीसंस्थेने महाराष्ट्रात एक सेवा सुरू केली, 'रॉयटर्स मार्केट लाइट'. शेतकऱ्याने वर्गणी भरायची, आपलं पीक आणि बाजार सांगायचा, की रोज मोबाइलवर भाव, हवामान आणि पीकसल्ला मराठीत हजर. विक्रीसाठी टपाल कार्यालयांचीही मदत घेऊन पाहिली. कल्पना उत्तम. पण पडद्यामागे एक गंमत होती, ती तंत्रज्ञांना ठाऊक. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. देवनागरीत ७०. त्यातही काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. 'कांदा' या दोन अक्षरांच्या शब्दाला पाच जागा लागतात. लासलगावचा किमान, कमाल, सरासरी भाव आणि आवक एवढं लिहिलं की निरोप संपला, दुसरा सुरू. इंग्रजीत एका निरोपात मावणारा मजकूर मराठीत दोन-तीन निरोप खाणार. शिवाय तेव्हाच्या कितीतरी हँडसेटवर देवनागरी उमटायचीच नाही, नुसते चौकोन दिसायचे. मराठी शेतकऱ्याला मराठीत माहिती देणं सगळ्यात महाग, ही गोष्ट कुठल्याही उद्घाटनाच्या भाषणात आली नाही.

या सेवेचा फायदा होतो का, हे मोजायला मार्सेल फाफशांप आणि बार्ट मिन्टेन हे अर्थशास्त्रज्ञ आले. महाराष्ट्रातली १०० गावं, हजारभर शेतकरी, पिकं पाच: टोमॅटो, डाळिंब, कांदा, गहू, सोयाबीन. काहींना सेवा वर्षभर फुकट दिली, काहींना नाही, आणि मग दोघांचे भाव ताडून पाहिले. त्यांच्या मनात केरळचं उदाहरण होतं, तेव्हा जगभर त्याचाच बोलबाला. रॉबर्ट जेन्सन यांनी केरळच्या किनाऱ्यावर दाखवून दिलं होतं की, १९९७ ते २००१ या काळात मोबाइलचे मनोरे उभे राहिले तसतसे माशांचे भाव सगळ्या बंदरांवर सारखे झाले. कोळ्यांचा नफा आठ टक्क्यांनी वाढला, गिऱ्हाइकाला मासळी चार टक्क्यांनी स्वस्त पडली, आणि आधी रोज फेकून द्यावी लागणारी पाच ते आठ टक्के मासळी फेकणं जवळजवळ थांबलं. महाराष्ट्रातही तसंच काही निघेल अशी अपेक्षा होती.

निघालं असं: मिळालेल्या भावात म्हणण्यासारखा फरक नाही. पावसाने होणाऱ्या नुकसानीत नाही, वाण बदलण्यात नाही. बाजार बदलण्यात आणि मालाची प्रतवारी करण्यात किंचित हालचाल दिसली, इतकंच. फुकट देऊनही कितीतरी शेतकऱ्यांनी सेवा वापरलीच नव्हती. २०१२ मध्ये हा अभ्यास जागतिक बँकेच्या अर्थशास्त्रविषयक नियतकालिकात छापून आला. वर्षभराने रॉयटर्सने ती सेवा विकूनही टाकली.

केरळच्या कोळ्याला जे साधलं, ते निफाडच्या शेतकऱ्याला का साधलं नाही? मला यात गूढ काही वाटत नाही. कोळी समुद्रात असतो. होडी कुठल्या बंदराला लावायची ते अजून ठरायचं असतं, आणि दोन बंदरांत इंधनाचा फरक थोडा. फोन त्याच्या हातात निर्णयाच्या आधी येतो. आपल्याकडे तसं नाही. ते पाहायला लासलगावच्या आवारात सकाळी नऊ-साडेनऊला उभं राहावं लागतं.

ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप रांगेत लागलेल्या. बाजार समितीचा माणूस पुढे, मागे व्यापाऱ्यांचा घोळका. एक जण फाळक्यावरून हात खुपसून तळाकडचे दोन-चार कांदे उपसतो, अंगठ्याने पत्ती चोळतो, रंग बघतो, डेंगळा (फूलदांडा आलेला कांदा) किती, गोल्टी (बारीक कांदा) किती याचा अंदाज घेतो. बोली तोंडी. 'हजार... अकराशे... अकराशे वीस... पन्नास...' मिनिटभरात ट्रॉलीचा सौदा ठरतो, घोळका पुढच्या ट्रॉलीवर. त्या मिनिटात व्यापाऱ्याच्या कानात फोन असतो, पलीकडे चेन्नई, कोलकाता किंवा दुबईला माल भरणारा. त्याला किती गाड्या हव्यात ते कानात ऐकत तो बोली लावतो. शेतकऱ्याच्याही हातात फोन आहे, त्याच्यापेक्षा महागाचाही असेल. त्याला व्हॉट्सअॅपवर कळतंय की पिंपळगाव बसवंतला क्विंटलमागे शंभर रुपये जास्त आहेत. आता काय करणार? ट्रॉली काढून पंचवीस-तीस किलोमीटर न्यायची? डिझेल, भाड्याचा ट्रॅक्टर असेल तर दिवसाचं भाडं, आणि पोचेपर्यंत तिथला लिलाव आटोपलेला. उद्या तिथे हेच शंभर रुपये असतील याची खात्री कोण देणार? त्याला मिळालेली माहिती पक्की, पण निर्णय आदल्या रात्री कांदा भरला तेव्हाच होऊन गेलेला.

सौदा इथेही संपत नाही. भावाची चिठ्ठी घेऊन ट्रॉली भुईकाट्यावर वजनाला जाते, तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर खाली व्हायला. खाली करताना मधला माल हलका निघाला, ओला निघाला, असं व्यापारी म्हणतो आणि भाव पाडून मागतो. याला बाजारात 'वांधा' म्हणतात, आणि तो मिटवायला बाजार समितीत वांधा समितीही असते. अर्धी ट्रॉली जमिनीवर ओतलेली असताना कुठला शेतकरी उरलेला कांदा परत भरून दुसरीकडे जाईल? फोनवर आलेला भाव हा लिलावाचा असतो. खळ्यावरचा भाव कुठल्याच ॲपवर येत नाही.

१४ एप्रिल २०१६ ला केंद्राने ई-नाम हा ऑनलाइन शेतमाल बाजार सुरू केला तेव्हा मंडळी म्हणाली, आता देशभरातून बोली लागेल. कल्पनेत खोट नव्हती. पण ट्रॉलीच्या तळाशी काय आहे ते कंप्युटरला दिसत नाही, आणि न पाहिलेल्या कांद्याला पूर्ण भाव कुणी देत नाही. धान्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासता येतो, पंचवीस क्विंटल कांद्याची ट्रॉली तशी तपासायला कुणाला वेळ आहे? शिवाय खरेदीदार मोजके. भारतीय स्पर्धा आयोगाने बंगळूरुच्या एका संशोधन संस्थेकडून कांदा बाजाराचा अभ्यास करून घेतला होता. २०१२ च्या त्या अहवालात मोठ्या व्यापाऱ्यांच्या हातात भावाची सूत्रं एकवटल्याचं आणि त्यांच्यात संगनमत असल्याचं नोंदवलं आहे. बोली लावणारे मोजके आणि रोज एकमेकांबरोबर चहा पिणारे असतील, तर बोली तोंडी आहे की ऑनलाइन, याने किती फरक पडणार?

वर्तमानपत्रांच्या बाजारभावाच्या कॉलममागेही एक गोष्ट आहे. बाजार समितीकडून तीन आकडे येतात, किमान, कमाल, सरासरी. मथळ्यात कमाल जातो. तो कधीकधी एकाच ट्रॉलीला मिळालेला असतो. मुहूर्ताच्या लिलावाचं तर विचारूच नका. दसऱ्याला किंवा दिवाळीनंतर बाजार उघडला की पहिल्या गाडीला मान म्हणून चढा भाव लावतात, शेतकऱ्याचा सत्कार होतो, फोटो निघतो. पूर्वी तो फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात यायचा. आता दहा मिनिटांत तालुकाभर. मग सगळे रात्री ट्रॉल्या भरतात, दुसऱ्या दिवशी आवक फुगते आणि भाव घसरतो. एकट्याला कळलेली बातमी पैसे मिळवून देते. सगळ्यांना एकाच मिनिटाला कळली की ती नुसती गर्दी गोळा करते.

आता साठ्यांच्या १,०६४ रुपयांकडे वळू. नोव्हेंबरात बाजारात येणारा जुना माल म्हणजे मार्च-एप्रिलात काढून चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरलेला उन्हाळ कांदा. पाच-सहा महिन्यांत त्यातला तिसरा हिस्सा वजनघट, सड आणि कोंब यांत जातो, रंग उतरतो. तेवढ्यात नवा लाल कांदा बाजारात येतो, आणि जुन्याला कुणी विचारत नाही. भाव वाढेल म्हणून थांबायचं, तर थांबण्याचाही खर्च चाळ रोज वसूल करत असते. यावरचं तंत्रज्ञान लासलगावातच आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये तिथे 'कृषक' हे विकिरण केंद्र उभारलं, कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून. नावारूपाला ते आलं आंब्यामुळे. २००७ मध्ये अमेरिकेला गेलेला हापूस याच केंद्रात विकिरण होऊन गेला. डझनावारी विकल्या जाणाऱ्या हापूसला तो खर्च झेपतो, दोन रुपये किलोच्या कांद्याला झेपत नाही. तंत्रज्ञान कुणासाठी शोधलं याला महत्त्व नाही, शेवटी ते खर्च पेलणाऱ्या पिकाकडेच जातं.

द्राक्षातही हेच दिसेल. शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडाने २००६ मध्ये 'ग्रेपनेट' सुरू केलं. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी, फवारणीची माहिती, प्रयोगशाळेचा अहवाल, सगळं एका जाळ्यात. युरोपातल्या दुकानातली पेटी दिंडोरीतल्या किंवा निफाडमधल्या कुठल्या प्लॉटची ते सांगता येतं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाचा अंश सापडला म्हणून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले. अनेक बागायतदार त्या हंगामात पुरते बुडाले. पण त्यानंतर तपासण्या वाढल्या आणि बाजार टिकला. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारखी शेतकऱ्यांची कंपनी देशातल्या सर्वांत मोठ्या द्राक्ष निर्यातदारांत जाऊन बसली. इथे माहिती मालाबरोबर विकली जाते, तिच्याशिवाय माल बंदरातून पुढे सरकत नाही. कांद्याच्या ट्रॉलीला तिच्या प्लॉटचा नंबर कुणी विचारला आहे?

मोबाइलने शेतकऱ्याला खरोखर पैसे मिळवून दिले ते भलत्याच ठिकाणी, विहिरीवर. शेतीपंपाची वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की दोन वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जायचं. गोदाकाठच्या उसात बिबट्या आहे हे ठाऊक असून जायचं. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी यावर 'नॅनो गणेश' काढलं. मोटरच्या स्टार्टरला मोबाइल जोडायचा, घरातून फोन लावून लाइट आहे का ते विचारायचं आणि मोटर चालू-बंद करायची. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं. आज मोबाइल स्टार्टर गावोगावच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. यात बाजारभाव नाही, व्यापारी नाही, कुणाची परवानगी नाही. फेरा वाचला, झोप वाचली, फुकट वाहणारं पाणी वाचलं, आणि वाचलेलं सगळं ज्याचं त्याच्याच घरात राहिलं. दूरसंचाराचे शेतीतले फायदे मोजणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी भावाच्या मागे धावण्याआधी हा फेरा मोजायला हवा होता, असं माझं मत आहे.

पैशांच्या बाबतीत मामला आणखी वेगळा. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या जुन्या नोटा बंद झाल्या. नव्या पाचशेच्या नोटा नाशिकरोडच्या छापखान्यात दिवसरात्र छापल्या जात होत्या, आणि तिथून साठेक किलोमीटरवरच्या लासलगावात शेतकऱ्याला द्यायला नोटा नव्हत्या. चेक आले, मग आरटीजीएस आलं. १४ नोव्हेंबरला जिल्हा सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. गावातल्या बहुतेकांची खाती तिथेच. बाहेरून पाहणाऱ्यांना प्रश्न पडे की, खात्यात पैसे आले तर शेतकरी कुरकुरतो का? कारण खात्यात आलेल्या पैशांवर पहिला हक्क थकीत कर्जाचा. रोख हातात असेल तर मजुरी आधी द्यायची की खतवाल्याची उधारी, मुलीची फी भरायची की बँकेचा हप्ता, हे शेतकरी ठरवतो. खात्यात आले की बँक ठरवते. यूपीआयवर व्यवहाराला खर्च शून्य, हे खरं. पण हा निर्णयाचा हक्क त्या शून्यात मोजलेला नसतो.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. अडीचशेच्या आसपास असलेला एक जीबी डेटा बघता बघता दहा-पंधरा रुपयांवर आला. डझनभर कंपन्यांतल्या बहुतेक बुडाल्या किंवा विकल्या गेल्या. उरल्या तीन खासगी आणि एक बीएसएनएल. मग २०१९, २०२१ आणि २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले. मोजके विक्रेते असले की काय होतं, हे लासलगावच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला कुठल्या तज्ज्ञाची गरज नाही.

स्वस्त डेटाचा सगळ्यात मोठा फायदा कुणाला झाला, याचं माझं उत्तर मात्र जिल्ह्याबाहेरचं आहे: दिल्लीतल्या केंद्र सरकारला. कांद्याने सरकारं हलतात ही दंतकथा १९८० पासूनची. १९९८ मध्ये दिल्लीतलं राज्य सरकार निवडणुकीत हरलं त्यात कांद्याचा वाटा सगळेच मानतात. तेव्हा महागाईची खबर मंत्रालयात पोचायला वेळ लागे. आता ग्राहक व्यवहार विभाग देशभरातल्या साडेपाचशेच्या आसपास केंद्रांतून जीवनावश्यक वस्तूंचे किरकोळ आणि घाऊक भाव रोज गोळा करतो, २०२१ पासून मोबाइल ॲपवर. आधी २२ वस्तू, ऑगस्ट २०२४ पासून ३८. शहरात कांदा पाच रुपयांनी चढला की आकडा त्याच दिवशी टेबलावर. आणि मग सरकारचा हात लगेच निर्यातीच्या कळीवर जातो. सप्टेंबर २०२० मध्ये निर्यातबंदी. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, त्यावरून सप्टेंबरात व्यापाऱ्यांनी लिलाव बंद पाडले. ७ डिसेंबर २०२३ च्या रात्री पुन्हा निर्यातबंदीचा आदेश. सकाळी लिलावाला निघालेल्या शेतकऱ्याला तो फोनवर वाटेतच वाचायला मिळाला. भाव कोसळले, लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई–आग्रा रस्ता अडला. बंदी उठली ४ मे २०२४ ला. पुढच्याच महिन्यात लागलेल्या लोकसभेच्या निकालात दिंडोरी आणि नाशिक दोन्ही जागा सत्ताधाऱ्यांनी गमावल्या. कांद्याचा त्यात वाटा किती, याचं गणित जो तो आपापलं मांडतो.

शेतकऱ्याला दुसरा बाजार गाठायला आजही ट्रॅक्टर आणि दिवस लागतो. सरकारला बंदी घालायला एक रात्र पुरते. माहिती दोघांकडे सारख्याच वेगाने पोचते, पण तिच्यावर हालचाल करायला एकाला डिझेल लागतं आणि दुसऱ्याला सही.

तेव्हा कांदा चाळीत असेल आणि फोनवर भावाचा निरोप आला, तर कमाल भाव सोडून द्या. तो बहुधा तुमच्या ट्रॉलीचा नसतो. सरासरी बघा. त्याहून आधी आवक बघा, कालची आणि आजची. आणि रात्री ट्रॉली भरण्यापूर्वी दिल्लीत आज काही अधिसूचना निघाली का, एवढं तपासून घ्या.